शेल्यावरचा लाल पंजा

चंपानं ओला तळहात पिवळ्या शेल्यावर टेकवला, क्षणभर दाबून धरला आणि उचलला. शेल्यावर पंजा उमटला होता. लालभडक.

"अगं बाई!" अंगणभर एकच आवाज उठला. मागे पत्र्याच्या शेडखाली पुरुष मंडळी उभी होती, त्यांचेही हात आपोआप जोडले गेले. एरवी त्या अंगणात माल भरायला टेम्पो उभा राहायचा. अंधेरी एमआयडीसीतलं राजेशशेठचं युनिट ते. वीजमीटरच्या चकत्या, मशिनीच्या नामपट्ट्या, असली छपाई तिथे व्हायची. आज टेम्पोच्या जागी गालिचा होता, धुपाचा लोट होता आणि मधोमध चौरंगावर श्री श्री फलदानंद महाराज बसले होते.

"रक्त!" महाराजांनी बोट रोखलं. "बघून घ्या, मायांनो. डॉक्टर रक्त तपासायला सुई टोचतो. आमचा शेला सुईशिवाय रक्त काढतो! अस्सल काश्मिरी केशरात भिजवलेला शेला आहे हा. जिच्या कुळाला गर्भदोष, तिचाच पंजा रक्ताळतो. इतरांना काही नाही. ही कंपनं आहेत, कंपनं! अमेरिकेतले शास्त्रज्ञ आत्ता कुठे मशीन लावून मोजायला लागलेत, आम्ही तीन पिढ्या मोजतोय. बिनामशीन!"

कोणत्या अमेरिकेतले आणि कोणते शास्त्रज्ञ, हे विचारायची ती जागा नव्हती.

चंपा स्वतःच्या तळहाताकडे बघत तशीच उभी राहिली. तिचा नवरा नंदू युनिटात शाई कालवायचा. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता आणि चाळीत सगळे तिलाच नावं ठेवत होते. आज त्या बोलण्यावर शिक्का बसला, तोही देवाच्या नावानं. नंदू शेडखाली मान खाली घालून उभा होता. तो पुढे आला नाही.

रांगेत तिच्या मागे माधुरी होती.

ती याच युनिटात कामाला होती. छापून आलेल्या पट्ट्यांवरची फाजील शाई फडक्यानं पुसायची, हे तिचं काम. फडकं ज्यात बुडवायचं त्याला पोरी नुसतं 'पाणी' म्हणत. दिसायला पाण्यासारखंच, वासही फार नाही, किंचित गोडसर. दोनदा तिचे दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा पोट रिकामं झालं होतं. एकटी तीच नव्हती. पुसण्याच्या टेबलावरच्या बायकांत कुजबुज सुरू झाली होती, "इथं पाय भारी झाला की टिकत नाही गं." कुणीतरी म्हणालं, सरकारी ऑफिसात जाऊन विचारू या. ही कुजबुज केबिनपर्यंत पोचली आणि पुढच्याच गुरुवारी राजेशशेठनं स्वखर्चानं महाराजांना आणलं. बायका भारावून गेल्या. शेठ असावा तर असा.

आणि आता माधुरीला पुन्हा दिवस गेले होते.

महाराजांचा शिष्य पुढे झाला. त्यानं तांब्यातलं तीर्थ तिच्या तळहातावर ओतलं, पितळी डबीतली चिमूटभर विभूती वर टाकली आणि म्हणाला, "चोळा."

तिनं चोळली. हात टेकवला. उचलला.

लाल.

"तिसरं आहे ना पोटात?" महाराजांनी आवाज एकदम खाली आणला. "दोन गेली. हे वाचवायचंय की नाही?"

ही गोष्ट घरातल्या माणसांशिवाय कुणालाच माहीत नाही, अशी माधुरीची समजूत होती. महाराजांना कळली कशी?

"वाचेल," महाराज म्हणाले. "पण अट आहे. कुळातला दोष इथे उठलाय, म्हणून जागा सोडून पळायचं नाही. पळालीस तर तो मागे येईल. बाळंत होईपर्यंत काम चालू ठेवायचं, न चुकता. आणि डॉक्टरची पायरी चढायची नाही. लोखंडी हत्यारांना दोष चवताळतो." त्यांनी शेल्याच्या कडेची एक चिंधी फाडून तिच्या मनगटाला बांधली. "ही लाल झाली, तर समज दोष गर्भाशी झटतोय. मग लगेच माझ्याकडे. पुढच्या गुरुवारी शुद्धी आहेच."

राजेशशेठनं लांबून हात जोडले. त्याच्या बायकोनं आणि हिशेबनिसाच्या बायकोनंही पंजे टेकवले. त्यांचे पंजे स्वच्छ उमटले, नुसते ओले.

*

घाटकोपरला, असल्फ्याच्या टेकडीवरच्या घरी सासूबाई वाट पाहत बसल्या होत्या. शांताबाईंचं अख्खं आयुष्य विहारातल्या वंदनेत आणि वस्तीतल्या मोर्च्यांत गेलेलं. दारात कुणी लिंबू-मिरची बांधली तर त्या स्वतः जाऊन तोडत. माधुरीनं सगळं सांगितलं, तेव्हा त्या कडाडतील असंच तिला वाटलं होतं.

शांताबाई भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे पाठ करून म्हणाल्या, "चिंधी सोडू नको."

"आई, तुम्ही म्हणताय हे?"

"मीच म्हणतेय. जन्मभर लोकांना सांगत आले, हे आपल्यात चालत नाही. पण दोन वेळा तुला दवाखान्यातून रिकाम्या हातानं आणलंय गं मी. तिसऱ्यांदा आणायचं त्राण नाही माझ्यात. ठेव बांधून."

माधुरीचा नवरा सम्यक चिडला. "आई, काय बोलतेस तू! चिंधीनं पोर वाचत असतं तर हॉस्पिटलं कशाला बांधली असती यार?"

"मग दोन वेळा डॉक्टरांनी काय दिवे लावले? 'होतं असं, पुन्हा प्रयत्न करा.' बस, एवढंच ना?"

सम्यकनं मग चिंधीला हात लावला नाही.

दोन-चार दिवस बरे गेले. घरी तिनं चिंधीला पाणीही लागू दिलं नव्हतं. मग एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत माधुरीनं युनिटच्या नळावर डबा घासला आणि हात पुसताना तिचं लक्ष मनगटाकडे गेलं. चिंधी लाल झाली होती. पिवळ्यात मोठमोठे लाल डाग पसरले होते. ती धावत संडासात गेली. कपड्यालाही डाग होता. थोडासाच, पण होता.

भिंतीला धरून ती बाहेर आली. सुपरवायझर अनंत समोरच उभा होता.

"मला घरी जायचंय. नाहीतर दवाखान्यात."

अनंतनं चिंधीकडे पाहिलं. "माधुरी, महाराजांनी काय सांगितलंय? जागा सोडायची नाही. उद्या काही झालं तर आम्हाला बोलशील. बस जागेवर, मी शेठना सांगून महाराजांना फोन लावतो."

"अनंतभाऊ, मला डाग गेलाय."

"म्हणूनच सांगतोय ना. पळू नको."

ती टेबलाशी परत आली. समोर पाण्यासारखं ते 'पाणी', त्यात बुडवलेलं फडकं. सगळ्या बायका हातातलं काम थांबवून तिच्याकडे बघत होत्या. पळावं तर दोष मागे लागणार, बसावं तर डोळ्यांदेखत तिसरंही जाणार. तिनं फडकं उचललं. बोटांना ते गार लागलं आणि त्याच क्षणी तिला एक आठवलं. उलट्यांमुळे काम हलकं द्या, असं सांगायला महाराज यायच्या आधी ती केबिनबाहेर उभी राहिली होती. दिवस गेल्याचं तिनं तिथे एका माणसाला सांगितलं होतं. अनंतला.

म्हणजे महाराजांना कंपनांनी कळलं नव्हतं. अनंतच्या तोंडून कळलं होतं.

माधुरीनं फडकं टाकलं, पर्स उचलली आणि अनंत "ए, ए!" करत असतानाच गेटाबाहेर पडून रिक्षाला हात केला.

*

घाटकोपरच्या दवाखान्यातल्या डॉक्टर नीला सोमण कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी आधी तपासलं, मग सोनोग्राफीचा पडदा तिच्याकडे फिरवला. "हे बघ. ठोके पडतायत. डाग थोडा आहे, पण आत सगळं ठीक दिसतंय. श्वास घे आधी."

माधुरीनं श्वास घेतला आणि मग तिला रडू फुटलं. रडता रडताच तिनं शेला, पंजा, चिंधी, सगळं सांगून टाकलं.

"चिंधी लाल कधी झाली?"

"डबा घासताना."

"साबणानं?"

"हो."

डॉक्टर उठल्या. स्वतःच्या डब्यातली लिंबाची फोड त्यांनी आणली आणि तिच्या मनगटावरच्या चिंधीवर पिळली. लाल डाग बघता बघता पिवळे झाले. मग त्यांनी बेसिनवरचा ओला साबण त्याच जागी घासला. पिवळं पुन्हा लाल.

"दोष आला, दोष गेला, पुन्हा आला," डॉक्टर म्हणाल्या. "केशरबिशर काही नाही, हळद आहे ही. पांढऱ्या शर्टावर आमटी सांडली आणि साबण लावला की काय होतं?"

माधुरी बघतच राहिली. सम्यकच्या शर्टावरचे असले लाल डाग तिनं कितीदा घासले होते! हळदीला साबण, सोडा, चुना लागला की ती लाल होते, हे त्या अंगणातल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. पण ते घरी, मोरीपाशी. धुपाच्या लोटात, चौरंगासमोर, 'केशर' म्हणून सांगितल्यावर एकीलाही ते आठवलं नाही. भीती माणसाला अडाणी करत नाही, त्याला माहीत असलेलंही विसरायला लावते.

"पण सगळ्यांचे हात लाल झाले नाहीत," ती म्हणाली. "शेठच्या बायकोचा नाही झाला."

"तिला विभूती कुठल्या डबीतली दिली?"

माधुरीनं डोळे मिटून आठवलं. शिष्याच्या हातात दोन डब्या होत्या. तिला आणि चंपाला पितळीतली दिली. शेठच्या बायकोला... "लाकडी होती!"

"पितळीत चुना असणार. लाकडीत तांदळाचं पीठ असेल नाहीतर आणखी काही." डॉक्टर खुर्चीत बसल्या. "हे झालं सोपं. आता अवघड. तू काम काय करतेस?"

दोन वेळा ती दवाखान्यात गेली होती. वय विचारलं, खाणं विचारलं, नात्यात लग्न झालंय का विचारलं. हे कुणी विचारलं नव्हतं. तिनं 'पाण्या'बद्दल सांगितलं. ते नेमकं काय ते शाई कालवणाऱ्या नंदूला ठाऊक असेल, म्हणून डॉक्टरांनी तिच्याकडून त्याला फोन लावून घेतला.

"ते होय? सेलोसॉल्व्ह म्हणतात त्याला," नंदू फोनवर म्हणाला. "शाई लवकर सुकू नये म्हणून टाकतो आम्ही. पुसायलाही तेच. का हो?"

"हातमोजे घालता?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाय बा. हातानंच ढवळतो कधी कधी."

फोन ठेवल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "नीट ऐक. या जातीची द्रव्यं नाकातून जातात, त्याहून जास्त कातडीतून आत जातात. ती गर्भाला घातक ठरू शकतात, हे बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे. तुझे आधीचे दोन्ही गर्भ यानंच गेले, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. गर्भ जायची कारणं पुष्कळ असतात. पण एका टेबलावरच्या इतक्या बायकांना हेच होत असेल, तर शोध टेबलावर घ्यायचा, कुळात नाही. आणि त्या फडक्याला तू आता पुन्हा हात लावायचा नाहीस."

"आणि चंपा? ती तर युनिटात कामालाही नाही. मग तिला का होत नाही मूल?"

"तिचा नवरा ढवळतो ना?" डॉक्टर म्हणाल्या. "पुरुषाच्या बीजावरही परिणाम होतो याचा. त्याची तपासणी कुणी केलीय?"

कुणीच केली नव्हती. तपासलं होतं ते फक्त चंपाला, तेही शेल्यावर.

घरी येऊन माधुरीनं शांताबाईंसमोर ताटलीत हळद कालवली, चिंधी भिजवली, साबण लावला, लिंबू पिळलं. शांताबाईंनी ते तिच्याकडून पुन्हा करून घेतलं. मग त्यांनी स्वतः करून पाहिलं. चेहरा हळूहळू ताठ होत गेला.

"गुरुवारी शुद्धीला जायचं. मीही येते," त्या म्हणाल्या.

*

पुढच्या गुरुवारी अंगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. 'दोष' निघालेल्या बायकांची शुद्धी होणार होती. शेजारच्या युनिटांतल्या बायकाही आल्या होत्या. ठरल्याप्रमाणे डॉक्टर नीला ओढणी डोक्यावर घेऊन मागच्या रांगेत बसल्या.

माधुरीला पाहताच महाराज गरजले, "ही बघा! जागा सोडून पळालेली! चिंधी लाल झाली की नाही, खरं सांग!"

"झाली," माधुरी म्हणाली. "महाराज, माझा पंजा पुन्हा घ्या. पण या डबीतली विभूती नको. त्या लाकडी डबीतली द्या."

शिष्यानं महाराजांकडे पाहिलं. महाराजांनी शेठकडे. "विभूती निवडणारी तू कोण? हा अहंकारच दोष आहे!"

"बसवा तिला खाली!" मागून कुणीतरी ओरडलं. दोन बायांनी माधुरीचा दंड धरला. अनंत पुढे सरसावला. गर्दी तिच्या बाजूची नव्हती. पोटावर हात धरून ती उभी राहिली आणि तिला वाटलं, आता इथून धड घरी जाणं कठीण आहे.

तेवढ्यात शांताबाई उठल्या. पांढरं नेसलेली, काठी टेकत आलेली म्हातारी पाहून लोकांनी वाट दिली. त्या शिष्यापाशी गेल्या, वाकून नमस्कार केला आणि वर येताना पितळी डबी अलगद त्याच्या हातातून काढून घेतली.

"पोरीचं चुकलं हो, महाराज. माफी मागते. सगळ्यांना विभूती वाटते मी." त्या वळल्या. सगळ्यात जवळ राजेशशेठ उभा होता. "शेठ, हात पुढं करा."

प्रसाद म्हटल्यावर हात आपोआप पुढे येतो. शेठचाही आला. शांताबाईंनी त्यावर तांब्यातलं तीर्थ ओतलं, पितळीतली विभूती टाकली, दोन्ही हातांनी छान चोळली आणि त्याला काही कळायच्या आत तो पंजा शेल्यावर दाबला.

उचलला.

लालभडक.

शेठनं हात झटकला.

"शेठ," शांताबाई म्हणाल्या, "कितवा महिना लागला?"

पहिलं हसू कुठून फुटलं कुणास ठाऊक, पण मग ते आवरेना. चंपा मात्र हसली नाही. ती गर्दीतून पुढे आली, लाकडी डबी उचलली, त्यातली पूड हातावर चोळून तिनं पंजा टेकवला. नुसता ओला. तिनं तो सगळ्यांना दाखवला. एकदा इकडे वळून, एकदा तिकडे वळून.

महाराज "कलियुग, कलियुग" म्हणत चौरंगावरून उतरले, पण गेटाकडची वाट बायकांनी अडवून धरली होती. जादूटोण्याच्या विरोधात या राज्यात कायदा आहे, हे डॉक्टरांनी महाराजांना शांतपणे सांगितलं. पोलिसांना फोन त्यांनी आधीच केला होता. मग ओढणी खांद्यावर टाकून त्या पुढे आल्या. हळद आणि चुना सगळ्यांना समजावला. अनंतच्या तोंडची बातमी महाराजांच्या कानी कशी जाते, ते माधुरीनं सांगितलं. अनंतनं नाही म्हटलं नाही, तो शेठकडे बघत राहिला. शेठ रुमालानं तळहात पुसत होता, पण लाल निघत नव्हतं.

"आता ऐका," डॉक्टर म्हणाल्या. "महाराज पोलिसांबरोबर जातील. त्या 'पाण्या'चा ड्रम इथेच राहणार आहे." आणि त्यांनी 'पाण्या'बद्दल सांगितलं, माधुरीला सांगितलं होतं तितक्याच जपून. जे माहीत आहे ते माहीत म्हणून, जे नाही ते नाही म्हणून. "बायकांना सांगितलं, पुरुषांनाही सांगतेय. शाई कालवणाऱ्यांनी तपासणी करून घ्यायला हवी."

शेडखाली सगळे जागच्या जागी उभे राहिले. कुणी कुणाकडे बघेना. असल्या गोष्टीत पुरुषानं हात वर करायचा, म्हणजे काय ते त्या शेडखालच्या प्रत्येकाला कळत होतं.

"माझी करा," नंदू म्हणाला.

आवाज इतका बारीक होता की डॉक्टरांनी पुन्हा विचारलं.

"माझी करा तपासणी," तो मोठ्यानं म्हणाला. "मी ढवळतो ते. एवढी वर्षं हिला बोल लागत होते आणि मी गप्प बसलो होतो. आधी माझी करा."

चंपानं तोंडाला पदर लावला.

*

पुढचं सगळं गोडीगुलाबीनं झालं नाही. शेठनं आधी 'पाणी' निरुपद्रवी आहे म्हटलं, मग बायकांना घरी बसवायची धमकी दिली. बायका एकट्यादुकट्या गेल्या असत्या तर घरी बसल्याही असत्या. त्या टेबलाच्या टेबल उठून सरकारी ऑफिसात गेल्या. कारखाने तपासणारे अधिकारी आले, हवेचे नमुने घेतले. तेव्हा कुठे पुसण्याच्या टेबलावर हवा ओढणारे पंखे लागले, ते द्रव्य बंद होऊन दुसरं आलं, हातमोजे आले. तेही घरचे रबरी नव्हेत, असल्या द्रव्याला पुरून उरणारे.

माधुरीला पॅकिंगला बदली मिळाली. दिवस भरत आले तरी शांताबाई रोज धास्तावलेल्याच असत. मुलगी झाली. अंगानं किरकोळ, पण रडणं खणखणीत.

नंदूच्या तपासणीत दोष निघाला. काम बदलल्यावर आकडे सुधारू लागलेत. मूल होईल की नाही, हे डॉक्टरही अजून सांगत नाहीत. पण चाळीत आता चंपाला कुणी बोलायला लागलं, तर नंदू मध्ये पडून सांगतो, "कमी माझ्यात आहे, मी औषध घेतोय." हे सांगायला त्याला कोणत्याही चमत्काराहून मोठं धैर्य लागलं असेल.

फलदानंद महाराजांसारखे लोक जिथे दुखतं तिथेच दुकान मांडतात. त्यांची हातचलाखी ओळखणं अवघड नाही. हळद आणि चुना प्रत्येकाच्या घरात आहे. पण अशा प्रत्येक महाराजाच्या मागे कुणीतरी उभा असतो, त्याला आपण नशिबाला दोष देत बसलेलोच बरे वाटतो. म्हणून घरातलं पोर जगलं नाही, कूस उजवली नाही, तर पत्रिका आणि सून चाचपण्याआधी आपण काय हुंगतो, कशात हात बुडवतो ते पाहा. बाईचं पाहा आणि पुरुषाचंही पाहा. डॉक्टरांना आपणहून सांगा. मालकाला ड्रमात काय आहे ते विचारा. तो सांगत नसेल तर चार जणांनी मिळून विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारा.